उत्तर आधी घरात असू दे

बाई गं,

परवा फोनवर तू हळू आवाजात विचारलंस, "ताई, पोरांना हे कसं सांगावं?" तेवढ्यात सासूबाई खोलीत आल्या आणि तू विषय बदललास. लेकाच्या वर्गातल्या एका मुलाला सगळे पोट्टे 'बायल्या' म्हणून हाका मारतात, त्यानं शाळेत येणंच कमी केलंय. आणि तुझा नववीतला लेक तुला विचारतोय, "आई, मुलाला मुलगाच आवडत असंल तर तो आजारी असतो काय?" हे फोनवर घाईत बोलण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. दुपारचं काम आवरलं की निवांत वाच. वाचून झाल्यावर हे कागद उशीखाली मात्र लपवू नकोस.

आधी लेकाच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, तो आजारी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 च्या मे महिन्यात समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली. आपल्या देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनंही 2018 साली हा आजार नाही असं जाहीर सांगितलं. एवढं उत्तर त्याला आजच दे. मोठ्या भाषणाची गरज नाही. भाकऱ्या थापता थापता सांगितलंस तरी चालेल, फक्त सांगताना नजर चोरू नकोस. शब्द पोरं विसरतात, आईनं मान खाली घातलेली त्यांच्या लक्षात राहते.

आता तुझ्यासाठी थोडं जास्त सांगते. वयात येताना माणसाला कोणाची तरी ओढ वाटू लागते. बहुतेक मुलांना मुलींची वाटते, मुलींना मुलांची. काही मुलांना मुलांची वाटते, काही मुलींना मुलींची. काहींना दोघांचीही वाटते, तर काहींना अशी ओढ फारशी वाटतच नाही. कोणाची ओढ वाटते, याला लैंगिक कल म्हणतात. तो कोणी ठरवून निवडत नाही. आईनं लाड केले म्हणून, बाप कामासाठी बाहेरगावी राहिला म्हणून, मुलींच्यात खेळला म्हणून किंवा मोबाइल पाहिला म्हणून तो बदलत नाही.

तृतीयपंथी असणं ही आणखी वेगळी गोष्ट. आपण आतून मुलगा आहोत की मुलगी, हा तिथला प्रश्न असतो. मन कोणाकडे ओढतं, हा वेगळा प्रश्न. दोन्ही एकत्र केले की पोरांचा गोंधळ उडतो. आणि चालण्या-बोलण्यावरून तर यातलं काहीच ओळखता येत नाही. आपल्याकडच्या खडी गंमतीच्या खेळात लुगडं नेसून नाचणारे कितीतरी गडी बायकापोरांचा संसार करतात, आणि मिशीला पीळ देणाऱ्या एखाद्याच्या मनातलं कोणालाच माहीत नसतं. वर्गातल्या त्या मुलाचा कल काय आहे, हे त्याच्या मित्रांना ठाऊक नाही, तुला नाही, मला नाही. कदाचित अजून त्यालाही नसेल. तरी त्याला त्रास होतोय, आणि तो थांबवायला त्याचा कल माहीत असण्याची गरज नाही.

तू म्हणशील, मग मी दोघा लेकरांना समोर बसवून एकदा सगळं सांगून टाकते. जरूर सांग, पण तेवढ्यानं भागणार नाही. का, ते समजून घे. दुसऱ्याविषयी प्रश्न पडला तर पोर आईला विचारतं, जसं तुझ्या लेकानं विचारलं. स्वतःविषयी पडला तर विचारत नाही. कारण तो प्रश्न तोंडातून निघाला की गुपितही त्याच्यासोबत बाहेर पडतं. म्हणून ज्याला उत्तराची सगळ्यात जास्त गरज, तेच लेकरू गप्प बसतं. अशा वेळी पुस्तक कामाला येतं. पुस्तक कोणाला नाव सांगत नाही, "तू काऊन विचारून राहिला?" असं म्हणत नाही. पान उलटायला धाडस लागत नाही.

पण त्यासाठी ते पुस्तक आधीपासून घरात हवं. संशय आल्यावर आणलेलं पुस्तक आरोपासारखं वाटतं. लेकाच्या दप्तरावर गुपचूप ठेवलंस तर तो घाबरेल, आईला काय कळलंय याचाच विचार करत बसेल. घरातल्या कपाटात शेतीच्या माहितीचं पुस्तक आहे, श्यामची आई आहे, अभंगांची गाथा आहे. त्यांच्याच रांगेत हेही असू दे. सगळ्यांसाठी, सगळ्यांदेखत. आपल्या घरातल्या कोणत्या लेकराला त्याची गरज लागणार आहे, हे आपल्याला आधी कळत नसतं. एखाद्या वेळी गरज तुझ्या लेकराला नसेल, शेजारच्या घरातून अभ्यासाला येणाऱ्या पोरीला असेल.

हे मी काही नवं सांगत नाही. नव्वद वर्षांपूर्वी याच गोष्टीसाठी मुंबईत एक माणूस कोर्टात उभा राहिला होता. र. धों. कर्वे, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव, 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक काढत. लोक पत्रं पाठवून शरीराविषयी, लैंगिक जीवनाविषयी विचारायचे आणि कर्वे त्यांची उत्तरं छापायचे. समलिंगी संबंधांविषयीही प्रश्न यायचे. 1934 साली अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू कोर्टात मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. मासिकच या विषयाला वाहिलेलं आहे, वाचक प्रश्न विचारतात, मग त्यांना उत्तर द्यायला नको का, असा त्यांचा मुद्दा होता. हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकाच्या संशोधनाचा दाखलाही त्यांनी दिला. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

बाबासाहेब आपल्या जिल्ह्याला परके नाहीत. 1954 साली त्यांनी भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती. तिथेही ते हरले, तरी आपल्याकडे किती घरांत त्यांची तसबीर मानानं लावलेली असते. म्हणून कोणी तुला म्हणालं, की या गोष्टी पुस्तकात छापायच्या नसतात, पोरांच्या हाती द्यायच्या नसतात, तर हा खटला त्यांना सांग. विचारणाऱ्याला खरं उत्तर मिळालं पाहिजे, हा आग्रह मराठी मासिकानं धरला होता आणि त्याच्या पाठीशी बाबासाहेबांसारखा वकील होता.

"हे शहरातलं फॅड आहे, आंबागडात असलं काही नसतं," असंही तुला ऐकावं लागेल. तुझ्या गावचा किल्ला 1700 च्या आसपासचा, देवगडच्या बख्त बुलंद शाहाच्या पठाण सुभेदारानं बांधलेला. पुढे भोसले आले, मग इंग्रज आले, सगळे गेले. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं इंग्रजांचं 1860 सालचं कलम 377 मात्र मागे राहिलं. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, की दोन सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना हे कलम लावता येणार नाही. देशाचा कायदा बदलला, तो आंबागडासाठीही बदलला. आणि माणसं तर त्याआधीही इथे होतीच. कोणी लग्न करून गप्प राहिलं, कोणी गाव सोडलं, कोणी विहीर जवळ केली. त्यांची नावं आपण काढली नाहीत, म्हणून ती नव्हती असं म्हणू नये.

शाळा शिकवेल, या भरवशावरही राहू नकोस. 2007 साली आपल्या राज्यात शाळांमधल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर गदारोळ झाला आणि सरकारनं तो थांबवला. दुसरीकडे, केंद्राच्या आरोग्य खात्यानं 2017 साली गावोगावच्या किशोरवयीन मुलामुलींसाठी 'साथिया' नावाचा माहितीसंच काढला. समलिंगी किंवा भिन्नलिंगी व्यक्तीविषयी या वयात ओढ वाटणं स्वाभाविक आहे, असं त्यात साध्या शब्दांत सांगितलेलं आहे. म्हणजे सरकारी पुस्तकातसुद्धा हे लिहिलेलं आहे. कोणी नाकं मुरडली तर हे ध्यानात असू दे. गावातल्या आशाताईला 'साथिया'विषयी विचार, तिला ठाऊक असण्याची शक्यता आहे.

आता कोणत्या वयाला काय द्यायचं ते सांगते.

धाकटी चौथीत आहे. तिला या वयात शरीरसंबंधांविषयी काही सांगायचं नाही, आणि त्याची गरजही नाही. तिला फक्त एवढं कळू दे, की घरं निरनिराळी असतात आणि माणसं निरनिराळ्या माणसांवर प्रेम करतात. त्यासाठी चित्रांची पुस्तकं चांगली. न्यूयॉर्कच्या एका प्राणिसंग्रहालयातल्या दोन नर पेंग्विननी मिळून एक पिल्लू वाढवलं, त्या खऱ्या गोष्टीवरचं 'अँड टँगो मेक्स थ्री' 2005 चं आहे. तिला जास्त जवळचं वाटेल ते अमेय नार्वेकरांचं 'रितू वेड्स चांदनी'. त्यात आयेशा नावाच्या छोटीच्या बहिणीचं लग्न दुसऱ्या मुलीशी आहे, वरात निघते, लोक अडवतात, आणि ही चिमुरडी नाचायला लागते. पुस्तकं इंग्रजीत आहेत म्हणून मागे सरू नकोस. चित्रं समोर धर आणि आपल्या बोलीत गोष्ट सांग. घोडा, बाजा, वरात आपल्या लेकरांना समजावून सांगावी लागत नाही. कनक शशी यांचं गुठलीचं पुस्तक आहे, ज्यात सगळे मुलगा समजतात ते लेकरू स्वतःला परी म्हणतं. ते लिंगओळखीविषयी आहे, आपण आतून मुलगा की मुलगी, या वर सांगितलेल्या प्रश्नाविषयी. तेही घरात असू दे.

ती विचारेल, "दोन नवऱ्या कशा गं?" तू सांग, "त्यांचं एकमेकींवर प्रेम होतं म्हणून." तिला तेवढं पुरेल. लहान पोरं जेवढं विचारतात तेवढंच त्यांना हवं असतं. आपणच घाबरून दहा गोष्टी जास्त सांगतो, नाहीतर एकही सांगत नाही.

मोठा चौदा-पंधराचा आहे. या वयात गोष्ट लागते आणि सरळ माहितीही. हिमांजली शंकर यांची 'टॉकिंग ऑफ मुस्कान' 2014 साली आली. शाळकरी मुलांच्या नजरेतून, एका मुलीला तिच्या कलामुळे वर्गात काय भोगावं लागतं ते त्यात आहे. कादंबरीची सुरुवात मुस्काननं जीव द्यायचा प्रयत्न केल्यापासून होते, म्हणून आधी तू वाच किंवा कोणाकडून गोष्ट समजून घे, आणि मग त्याच्याशी बोलत बोलत वाचू दे. त्याच्या वर्गात आज जे चाललंय, तेच त्याला त्या पानांत दिसेल. चिडवणाऱ्यांत आपण आहोत की गप्प बसणाऱ्यांत, हे त्याचं त्यानं ठरवलेलं बरं. "आता कळलं का?" असं विचारू नकोस. वाचून झाल्यावर चहा दे आणि तो बोलेल त्याची वाट पाहा.

सतरा-अठराच्या पुढे मराठीत खूप काही आहे. बिंदुमाधव खिरे यांनी 2002 साली पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि मराठीत या विषयावर चिकाटीनं लिहिलं. 'इंद्रधनु' या त्यांच्या पुस्तकात समलैंगिकतेची माहिती आहे. इतिहास, विज्ञान, कायदा, माणसांचे अनुभव, सगळं आपल्या भाषेत. 'पार्टनर' ही त्यांची कादंबरी एका मुलाच्या मनातली शाळकरी वयापासूनची घालमेल सांगते. ती मोकळ्या भाषेत आहे, म्हणून मोठ्या वयाला ठेव. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' 2006 ची. घरी भाड्यानं राहायला आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघंही जीव लावतात, आणि आपापली गोष्ट दोघं वेगवेगळी सांगतात. मला ती आवडते, कारण त्यात भावाचं दुःख बहिणीच्या दुःखापेक्षा कमी दर्जाचं ठरत नाही. दोघांचंही प्रेमच, दोघांचाही विरहच. एका घरात वाढणाऱ्या भावाबहिणींनी वाचावी अशी ती कादंबरी आहे.

एक गोष्ट मात्र डोळसपणे कर. विजय तेंडुलकरांनी 1981 च्या सुमारास 'मित्राची गोष्ट' हे नाटक रंगभूमीवर आणलं. एका मुलीवर जीव जडलेली मुलगी मराठी नाटकाच्या मध्यभागी उभी करायला त्या काळात मोठी हिंमत लागली असणार. पण मित्रा शेवटी मरते. अशा कितीतरी जुन्या गोष्टी मरणाजवळ संपतात, कारण तेव्हाच्या लेखकांना समाजात दुसरा रस्ता दिसत नव्हता. मोठ्या माणसानं ते वाचावं, पाहावं. पण एखादं एकटं, घाबरलेलं पोर स्वतःला शोधत पुस्तकापाशी आलं आणि त्याला मरणाचीच गोष्ट मिळाली, तर आपल्या नशिबी हेच आहे असं ते धरून चालेल. म्हणून जी पुस्तकं घरात येतील, त्यांत निदान एक तरी असं असू दे की त्यातला मुलगा किंवा मुलगी शेवटी जिवंत आहे, कामधंदा करतेय, कोणाच्या तरी आधारानं सुखात आहे. पुस्तक निवडताना मी हे सगळ्यात आधी पाहते. तूही शेवटचं पान आधी पाहा.

सिनेमाही वाचनासारखाच उपयोगी पडतो, विशेषतः घरात वाचायची सवय नसेल तर. रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा मराठी सिनेमा 2025 साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातला सर्वोच्च पुरस्कार घेऊन आला. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला मुलगा, आणि गावात शेती करणारा त्याचा जुना मित्र. सुतक, लग्नासाठी मागे लागलेले नातेवाईक, रान, शेळ्या, सगळं आपल्या ओळखीचं आहे. आणि त्या मुलाच्या आईला सगळं माहीत आहे, तरी ती त्याच्या बाजूनं आहे. "खेड्यात हे नसतं" म्हणणाऱ्याला मी आता वाद घालत नाही, हा सिनेमा पाहा म्हणते. आधी तू आणि जावईबापूंनी मिळून पाहावा.

आता मुख्य गोष्ट. आधी तू वाच. पोरांना पुस्तक द्यायची घाई होते आणि आपण स्वतः कोऱ्या राहतो. मग पोर काही विचारायला आलं की आपली बोबडी वळते. खिरे यांनीच 'मनाचिये गुंती' या पुस्तकात समलिंगी मुलामुलींच्या आईवडिलांचे, नातलगांचे अनुभव एकत्र केले आहेत. ते आई म्हणून वाच. चेतन दातारांचं 'एक माधवबाग' हे नाटक आपला मुलगा समलिंगी आहे हे कळलेल्या आईविषयी आहे, मोना आंबेगावकर त्याचे प्रयोग करत आल्या आहेत. या आया आधी रडतात, स्वतःला दोष देतात, देवाला नवस बोलतात, आणि मग हळूहळू लेकराकडे वळतात. ते वळण वाचून ठेवलेलं बरं. आपल्यावर वेळ आली तर रस्ता अनोळखी वाटत नाही.

जावईबापूंचं कसं करायचं, असं तू विचारशीलच. त्यांच्यापुढे एकदम कादंबरी ठेवू नकोस. त्यांना बातमी, कायदा, कोर्ट यात रस आहे, तर 377 च्या निकालापासून सुरू कर. सासूबाईंना वाचता येत नसलं तर गोष्ट सांग. म्हाताऱ्या बाया आपल्याला वाटतं त्याहून जास्त जाणतात गं. पन्नास-साठ वर्षांत त्यांनी गावातली कितीतरी बिनलग्नाची आणि मोडलेली माणसं पाहिलेली असतात. कोणी विचारलं नाही म्हणून त्या बोलल्या नाहीत.

समज उद्या एखाद्या लेकरानं, तुझ्या किंवा दुसऱ्याच्या, तुझ्यापाशी येऊन स्वतःविषयी सांगितलंच, तर काय करायचं तेही सांगून ठेवते. पहिलं वाक्य ठरवून ठेव: "बरं केलंस मला सांगितलंस. तू माझाच आहेस." पुढचं सगळं नंतर. "खात्री आहे का तुला?" असं लगेच विचारू नकोस, "कोणाला सांगू नको" असंही म्हणू नकोस. उलट त्यालाच विचार, "हे आणखी कोणाला सांगितलेलं तुला चालेल?" आणि तो नाही म्हणाला, तर नवऱ्यालाही सांगू नकोस. ते गुपित त्याचं आहे. कधी, कोणाला सांगायचं, हे त्याला ठरवू दे.

कोणी म्हणेल, गंडा बांधा, अमक्या बाबाकडे न्या. कोणी म्हणेल, औषधानं सुधारतो. 2022 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं स्पष्ट केलं, की कल बदलण्याचे उपचार करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे. तेव्हा असा उपचार सांगणाऱ्याच्या दारातून सरळ परत ये. आणि कोणी म्हणेल, लग्न करून द्या, सगळं ठीक होईल. बाई, हे कधीही करू नकोस. त्यात आपलं पोर तर बुडतंच, पण दुसऱ्याच्या घरून हळद लावून आलेली निष्पाप पोरगी आयुष्यभर स्वतःत काय कमी आहे ते शोधत राहते. आपल्या लेकराची लाज झाकायला दुसऱ्याच्या लेकराचा बळी द्यायचा नाही.

पोराला खरंही सांग. समलिंगी जोडप्यांच्या लग्नाला आपल्याकडे अजून कायद्याची मान्यता नाही, 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ती दिली नाही. अठराच्या आतल्या कोणाशीही शरीरसंबंध हा पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, कल कोणताही असो. मोबाइलवर ओळखी काढून फोटो मागणारे आणि मग धमकावून पैसे उकळणारे लोक असतात. घाबरलेलं, एकटं पोर त्यांना लवकर सापडतं, कारण ते घरी सांगणार नाही याची त्यांना खात्री असते. ती खात्री मोडायचं काम आपलं. "काहीही झालं, कसलाही फोटो गेला असला, तरी आधी मला सांग, मी ओरडणार नाही," हे वाक्य दोन्ही लेकरांना आजच ऐकव.

आणि पुस्तकानं भागत नाही अशीही वेळ येते. पोर जेवेनासं झालं, झोपेनासं झालं, मरणाचं बोलू लागलं, तर पुस्तक बाजूला ठेव आणि माणूस गाठ. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालतो, फुकट आहे. मुलांसाठी 1098 आहे. उपजिल्हा रुग्णालयात आणि ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीनांसाठी 'मैत्री क्लिनिक' असतं, तुमसरला चौकशी कर. नागपुरात सारथी ट्रस्ट समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांसाठी काम करतं. समलिंगी, तृतीयपंथी मुलांच्या आईवडिलांनी मुंबईत 'स्वीकार' नावाचा गट केला आहे, तिथे आपल्यासारख्याच आया दुसऱ्या आयांशी बोलतात. हे नंबर आणि नावं पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेव. ज्याला लागतील त्याला सापडतील.

आता वर्गातल्या त्या मुलाकडे वळते, कारण तुझा जीव मुळात त्याच्यासाठी तुटला. त्याच्या घरी जाऊन "तुमचा मुलगा तसा आहे का?" असं चुकूनही विचारू नकोस. तुला ते माहीत नाही आणि तो तुझा प्रश्न नाही. तू शाळेत जा. वर्गशिक्षकांना सांग, की एका मुलाला रोज हिणवलं जातंय, त्यामुळे त्याची शाळा सुटतेय, हे थांबवा. कारण काहीही असो, हिणवणं थांबलंच पाहिजे, एवढंच बोल. आणि लेकाला सांग, त्याला सायकलवर मागे बसवून शाळेत घेऊन जा. मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ बसून डबा खा. पुढे गप्प बसणारे आणखी दोघं येतात. पहिल्याला जड जातं, म्हणून पहिला आपल्या घरचा असू दे.

शेवटचं सांगते, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सगळी पुस्तकं विकत घ्यायला आपल्याकडे पैसा नाही, आणि प्रत्येक पोराच्या घरी तुझ्यासारखी आईही नाही. म्हणून वाचनालयाकडे जा. 1967 च्या ग्रंथालय कायद्यापासून आपल्या राज्यात गावोगावच्या शासनमान्य वाचनालयांना अनुदान मिळतं, त्यातून दरवर्षी नवी पुस्तकं येतात. कोणती आणायची ते वाचक सुचवू शकतो. या पत्रातली मराठी पुस्तकांची नावं एका कागदावर लिही, खाली तुझी सही कर, बचत गटातल्या दोघीतिघींच्या घे, आणि ग्रंथपालांना दे. पुस्तकं आली की ती बंद कपाटात नको, उघड्या फळीवर हवीत, म्हणजे मागायला न लागता कोणीही हात घालू शकेल. ते म्हणतील, लोक काय म्हणतील. तेव्हा सांग, पहिलं माझ्या नावावर चढवा. पहिल्या वाचकाच्या जागी एका आईचं नाव असलं, की दुसऱ्याला आपलं नाव लिहायची भीती कमी वाटते.

रोवणी आटोपली की हे काम हाती घे. त्याआधी 'मनाचिये गुंती' मिळवून तू वाच. वाचून झालं की मला फोन कर, आणि या खेपेला मोठ्यानं बोल. सासूबाई खोलीत आल्या तर त्यांनाही बसव.

तुझी,
ताई